वाजवायचा शंख वेगळा

२२ सप्टेंबर १९९७, सोमवार

मला दमा आहे. जयनगरच्या डॉ. विश्वेश्वर यांनी आज सकाळी पावणेअकरा वाजता या वृत्ताला दुजोरा दिला. घरच्या सूत्रांचं, म्हणजे पत्नी अहल्येचं, म्हणणं असं की तिला हे श्रावणापासून ठाऊक होतं.

मी स्वतः अजून सहमत नाही. सरकारी यंत्रकारखान्याच्या प्रसिद्धी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. बाहेरगावच्या पाहुण्यांना जी माहितीपत्रिका दिली जायची, तिच्यातलं 'बेंगळूरची आल्हाददायक व आरोग्यवर्धक हवा' हे वाक्य माझं. नऊ आवृत्त्या निघाल्या, शब्द बदलला नाही. त्याच हवेत मला दमा होणं खात्याच्या दृष्टीने गैरसोयीचं आहे.

डॉक्टरांच्या खोलीत मी चार मिनिटं होतो. बाहेर तीस माणसं खोकत होती. डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, मान हलवली आणि दोन इन्हेलर लिहून दिले. निळा धाप लागली की, दोन फवारे. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, धाप असो वा नसो.

"समजलं ना, आचार्रे?"

"समजलं," मी म्हणालो. त्यांना पुढचा पेशंट हवा होता आणि मला बस.

खरी काळजी वेगळी आहे. १२ डिसेंबरला हनुमद्व्रत. त्या पहाटे आमच्या मठात तीनदा शंख वाजतो, तो गेली बावीस वर्षं मी वाजवतो. पहिला लांब, दुसरा त्याहून लांब, आणि तिसरा सुरू झाला की लोक माझ्याकडे वळून बघतात. आज सकाळी घरच्या देवापुढे शंख फुंकला तर थंडीत न सुरू होणाऱ्या ऑटोसारखा आवाज आला. मठाच्या कमिटीचे सेक्रेटरी प्राणेशराव विजेवर चालणारं यंत्र आणायचं म्हणतात. बटण दाबलं की घंटा, नगारा आणि शंख तिन्ही एकदम. त्यांच्या कानावर माझा दमा जाता कामा नये.

२३ सप्टेंबर, मंगळवार

इन्हेलर तोंडात धरायचा असावा, असं त्याच्या आकारावरून वाटतं. कंपनीवाल्यांना आमच्या घरच्या चालीरीती ठाऊक असायचं कारण नाही. आमच्यात भांड्याला ओठ लावून कोणी पाणी पीत नाही. तांब्या वीतभर वर धरायचा, मान मागे टाकायची आणि धार सोडायची. साठ वर्षांत माझा एक थेंब सदऱ्यावर सांडलेला नाही. जी वस्तू दिवसातून चारदा तोंडाला लावायची ती उष्टी, आणि उष्टी वस्तू खिशात घेऊन मी मठात कसा जाणार?

तेव्हा मी पद्धतीत स्वल्प सुधारणा केली. मान मागे, तोंड उघडं, इन्हेलर वीतभर वर, दोन फवारे, मग गिळणं. नेम पहिल्याच दिवशी जमला.

ही दारात उभी राहून बघत होती.

"डॉक्टरांनी असं घ्यायला सांगितलं?"

"कसं घ्यायचं ते सांगितलंच नाही. म्हणजे ते आपल्यावर सोडलं."

"कडू लागतं का?"

"थोडं जिभेवर."

"मग छातीत काय जातं हो?"

"अगं, पाणीसुद्धा आधी जिभेलाच लागतं."

यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली.

२७ सप्टेंबर, शनिवार

श्रीहर्ष आला होता. चिरंजीव व्हाइटफील्डच्या नव्या कंपनीत आहेत. तिथे म्हणे इंटरनेट आहे. कंपनीची बस दीड तास धूर खात तिकडे जाते, आणि तिथे पोचल्यावर त्याला साऱ्या जगाची माहिती मिळते. त्याने इन्हेलर कसा वापरावा यावर अकरा पानं छापून आणली.

"अण्णा, वाचा हं. दुसऱ्याच पानावर सगळं आहे."

मी त्याला सांगितलं की कामाची गोष्ट एका पानाच्या वर जात नसते. गेली तर लिहिणाऱ्याला विषय कळलेला नाही. पहिल्या पानावर दोन स्वल्पविराम चुकलेले होते, ते दुरुस्त केले आणि फाईल लावून ठेवली.

तपकिरी इन्हेलर बंद केला आहे. त्यात स्टेरॉइड असतं असं कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं. ते पैलवान घेतात. मला या वयात पैलवान व्हायचं नाही. शिवाय तो घेतल्यावर लगेच काही वाटतही नाही, आणि ज्याचा परिणाम दिसत नाही ते काम मी नोकरीतसुद्धा कधी केलं नाही. देवाच्या कपाटात मागे ठेवून दिला.

निळ्याने मात्र पाचेक मिनिटांत हात हलके होतात. छाती आहे तशीच आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

नवरात्र. मठाच्या चौदा पायऱ्या चढून प्राणेशराव वर आले आणि खांबाला धरून उभे राहिले. त्यांना हल्ली धाप लागते. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, वजनही बरंच. मी खिशातून निळा काढून माझे दोन फवारे घेतले. लपवून काही उपयोग नव्हता, छाती शिट्टी वाजवत होती.

"भीमण्णा, ते काय?"

"श्वासाचं औषध."

"मला दे बघू. उष्टं नाही ना?"

"बघितलंत की. ओठ कुठे लागला?"

मी त्यांच्या उघड्या तोंडात वरून तीन फवारे सोडले. मागच्या दोघा-तिघांनी काय चाललंय म्हणून विचारलं आणि बघता बघता ओळ लागली. उमाजीराव ऐंशीच्या पुढचे, नजर कमी. त्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला, फवारा तळहातावर घेतला, प्राशन केला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. त्यांनाही बरं वाटलं.

इतकी माणसं माझ्यापुढे तोंड उघडून उभी राहिली असं नोकरीत कधी घडलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल विजयादशमी. आरतीच्या वेळी प्राणेशरावांचे हात असे कापत होते की पाची ज्योती हलत होत्या. त्यांच्या भक्तीचा हा प्रकार मी पूर्वी पाहिला नव्हता. आरतीआधी त्यांना चार फवारे दिले होते, त्यामुळे बळ मात्र भरपूर असावं.

माझेही हात कापतात. वरच्या ओळीतलं अक्षर मलाच लागत नाही. दुपारी आडवा पडलो की छातीत कोणी चरखा फिरवल्यासारखं धडधडतं. हे दम्याचंच वाढलेलं लक्षण समजून मी निळा चारावरून आठावर नेला. आठांवर धडधड अधिक झाली, म्हणून दहा.

घरचा शंख आता मला जमत नाही. देवाला शंखाशिवाय ठेवणं बरं नाही असं मी म्हणालो, तर ही म्हणाली, "तुम्ही आंघोळीला जा. मी बघते." काय बघणार कोण जाणे. बायकांनी शंख फुंकू नये असा आमच्यात नियम आहे. कुठे लिहिलाय ते एकदा शोधायला हवं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने कुंकवाचे ठिपके द्यायला सुरुवात केली आहे. काही तारखांना नऊ, काहींना दहा. दुधाचा हिशेब असावा. पण घरात माणसं दोन आणि दूध एक लिटर. विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

अप्रिय घटना. प्राणेशरावांना त्यांच्या मुलीने मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांची धाप छातीची नसून हृदयाची आहे. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? हे म्हणाले, मठात भीमण्णा देतो ते. डॉक्टर म्हणे खुर्चीतून उठले.

संध्याकाळी प्राणेशराव फाटकाशीच उभे राहिले, आत आले नाहीत.

"अरे, मला मारायला निघाला होतास की काय!"

"तुम्हीच मागितलंत."

"मी मागेन रे. तीर्थ समजून मागेन. तू डॉक्टर आहेस का?"

"मग तुम्ही तरी..."

मला वाक्य पुरं करता आलं नाही. मधेच श्वास घ्यावा लागला. ते टक लावून बघत राहिले.

"वाक्य पुरत नाही तुला, भीमण्णा. शंख कसा पुरवणार?"

यंत्राचा ठराव ७ डिसेंबरच्या कमिटीपुढे येतो आहे. खात्रीलायक वृत्त आहे, त्यांनी स्वतः सांगितलं.

इथे खरं लिहितो. मला त्यांच्या हृदयाची काळजी वाटायला हवी होती. मला यंत्राची वाटली.

१ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीचा तिसरा दिवस. गल्लीत इतका धूर की समोरचं घर दिसत नाही. 'आल्हाददायक व आरोग्यवर्धक' या शब्दांची आठवण आली आणि खिडक्या लावून घेतल्या.

तिसरा निळा इन्हेलर आणला. औषधवाला म्हणाला, "सार, गेल्या आठवड्यातच नेलात."

"घरात माणसं जास्त आहेत."

त्याने दिला. चिठ्ठी मागितली नाही.

आता खोलीतून देवघरापर्यंत जाताना मधे एकदा थांबावं लागतं. औषधात दम राहिलेला नाही. हल्ली कुठल्याच कंपनीचा माल पूर्वीसारखा येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज कार्तिकी एकादशी. निर्जळ उपवास. निळ्याची चव जिभेला लागते, म्हणजे तोही आहारच. आज घेणार नाही. सकाळपासून छाती घट्ट आहे. चालायचंच, उपवासाला थोडं कष्टाचं अंग हवं. ही म्हणते, घ्या. मी म्हटलं, उद्या पारणं झाल्यावर. तिने आजच्या तारखेवर एकही ठिपका दिलेला नाही, नुसती बोटाला कुंकू लावून उभी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. नर्सिंग होममधून

परवा दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा श्वास बंद पडायला आला. अहल्येने याला दुजोरा दिला आहे. वेळ तिची आहे, मी घड्याळ बघण्याच्या स्थितीत नव्हतो.

हवा आत येत होती ती सुईच्या नेढ्यातून. बाहेर तर जातच नव्हती. बोलायला गेलो तर दोन शब्दांवर गाडी थांबे. एकादशी मोडायची ठरवून निळा वर धरला आणि दाबला. काही आलं नाही. पुन्हा दाबला. रिकामा. सोमवारी मठाच्या पायऱ्यांवर उमाजीरावांना आणि त्यांच्या मेहुण्याला शेवटचे दिले होते.

हिने मला ऑटोत घातलं. ड्रायव्हर तीन चाकांवर जमेल तेवढा पळवत होता आणि ही त्याला कन्नडात सांगत होती, आणखी पळव. मी तिचा हात धरला होता. मला मरणाची भीती वाटली. हे कुठेही छापायचं नाही, पण इथे असू दे.

इथे नाकातोंडावर मुखवटा चढवून वाफेसारखं औषध दिलं. अर्ध्या तासाने मला खिडकीबाहेरचं झाड दिसायला लागलं. ते तिथे आधीपासून होतं म्हणे.

काल सकाळी डॉ. विश्वेश्वर आले. बरोबर अनुसूया नावाची सिस्टर. तिने रिकामा इन्हेलर माझ्या हातात दिला.

"आचार्रे, घेता कसं ते दाखवा बघू."

मी दाखवलं. मान मागे, वीतभर वरून, दोनदा, गिळलं. नेम चांगला होता. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाने कोपरावर उठून पाहिलं. सिस्टर डॉक्टरांकडे बघायला लागली. डॉक्टर जमिनीकडे.

"हे फुप्फुसाचं औषध," सिस्टर म्हणाली. "तुम्ही ते जिभेला पाजताय. छातीत चिमूटभरही गेलं नसेल. बाकीचं पोटात जाऊन हात कापवतं, काळीज धडधडवतं."

"किती दिवस?" डॉक्टरांनी विचारलं.

मी हिशेब करायला लागलो, तोवर हिने पिशवीतून कॅलेंडर काढलं. भिंतीवरून उतरवून आणलं होतं, खिळ्याची जागा फाटली होती.

"हे बघा. एक ठिपका म्हणजे एक फवारा, यांनी स्वतः घेतलेला. लोकांना वाटलेले यात नाहीत."

म्हणजे दूध नव्हतं.

डॉक्टरांनी पान उलटून पाहिलं. नऊ, दहा, चौदा, सतरा. "दिवसाला चारांच्या वर गेलं की त्याच दिवशी माझ्याकडे यायचं होतं," ते म्हणाले. "निळा जास्त लागतो याचा अर्थ दमा हाताबाहेर जातोय. आणि तपकिरी?"

"देवाच्या कपाटात आहे," ही म्हणाली. "मागच्या बाजूला."

"सूज उतरवतो तो तपकिरी, आचार्रे. निळा नुसती दारं उघडतो. आत सूज असली तर दारं उघडून काय उपयोग?" मग म्हणाले, "चूक माझी. पहिल्याच दिवशी दाखवून घ्यायला हवं होतं. मी नुसतं समजलं का म्हणून विचारलं."

एकतीस वर्षांत असा खुलासा मला एकदाही छापायला मिळाला नव्हता.

सिस्टरने पद्धत सांगितली. उभं किंवा ताठ बसायचं. हलवायचं. श्वास पुरता बाहेर सोडायचा. मग ते तोंडात धरून भोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास घेता घेता एकदा दाबायचं, दहा आकडे श्वास रोखायचा. दुसरा फवारा मिनिटभराने.

"ओठ मिटायचे," मी म्हणालो.

"घट्ट."

"ते जमणार नाही. आमच्यात उष्टं..."

"तुमच्यात शंख कसा वाजवतात?" हे सिस्टरने नाही, हिने विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?"

"शंखाला ओठ लावता ना? मिटून? घट्ट? मग तोच शंख धुऊन देवापुढे ठेवता. बावीस वर्षं मठातला शंख तुमच्या तोंडचा आहे. तो उष्टा नाही?"

पलीकडचा माणूस आता खाटेवर उठून बसला होता.

"तसं नसतं ते," मी समजावलं. "शंख दोन असतात. अभिषेकाचा वेगळा, वाजवायचा वेगळा."

"मग हा वाजवायचा समजा."

मी विचार केला. शास्त्रात फट सापडली नाही. ही पुढे म्हणाली, "आणि वायू आपलं दैवत. साऱ्या गावाच्या तोंडातून आलेली हवा तुम्ही आत घेता. ती कुठे वरून धार सोडून घेता?"

मी ओठ मिटले. दहा आकडे मोजले ते सिस्टरने, हिने आणि पलीकडच्या माणसाने, तिघांनी मिळून. जीभ कडू झाली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. घरी

फाईल काढून श्रीहर्षाची अकरा पानं वाचली. दुसऱ्या पानाची पहिली ओळ: ओठांत घट्ट धरा. पाचव्या पानावर: आपला इन्हेलर दुसऱ्याला देऊ नये. स्वल्पविराम सगळे बरोबर आहेत. पहिल्या पानावरचे मी दुरुस्त केलेले दोन मात्र चुकले आहेत.

तपकिरी सकाळ-संध्याकाळ सुरू. नंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. आठवड्यातून एकदा आतली धातूची नळी काढून बाहेरचं प्लास्टिक कोमट पाण्याने धुवायचं. औषधाच्या वापरात चूळ आणि धुणं दोन्ही असल्यामुळे माझा त्याबद्दलचा आदर वाढला आहे. मी रोज धुवायला लागलो होतो. सिस्टरने फोनवर सांगितलं, आठवड्यातून एकदाच.

माझी तपकिरीची डबी, म्हणजे नाकात ओढायच्या तपकिरीची, ती दिसत नाही. तीसुद्धा डॉक्टरांच्या बंदीच्या यादीत होती. कुठे ठेवली ते विचारू नका, असं घरच्या सूत्रांनी कळवलं आहे.

डॉक्टरांनी एक नळी दिली आहे. जोरात फुंकली की काटा आकड्यावर जातो. आज १९०. तीनशेच्या वर गेला तरच १२ तारखेच्या शंखाचा विचार करू म्हणाले.

संध्याकाळी प्राणेशरावांकडे जाऊन माफी मागून आलो. त्यांनी कॉफी दिली. यंत्राबद्दल दोघंही बोललो नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आकडा २४०. कॅलेंडरवर ठिपके: शुक्रवारी दोन, शनिवारी एक, काल एकही नाही.

गेला आठवडाभर सकाळी आंघोळ करताना शंख ऐकू येतो. आधी फुसका यायचा, आता चांगला लांबतो. प्राणेशराव सराव करत असणार. यंत्राचा ठराव नामंजूर झाला तर आपणच उभं राहायचं असा डाव दिसतो. त्यांचं घर दोन गल्ल्या मागे आहे, पण आवाज आमच्या देवघरातून आल्यासारखा वाटतो. वारा आपल्या बाजूचा असला की असं होतं. हिला तसं सांगितलं.

"असेल," ती म्हणाली. "वारा आहेच या दिवसांत."

३ डिसेंबर, बुधवार

आकडा २९०. मठाच्या पायऱ्या न थांबता चढलो. वर प्राणेशराव भेटले. त्यांच्यासाठी आता हृदयाची वेगळी गोळी आहे आणि मीठ बंद आहे, त्यामुळे स्वभाव मवाळ झाला आहे.

"सराव चांगला चाललाय तुमचा," मी सरळच म्हणालो.

"कसला?"

"शंखाचा. ऐकतो मी रोज."

"मला कुठला येतो शंख, भीमण्णा? डॉक्टरने फुगासुद्धा फुगवू नका म्हणून सांगितलंय."

खोटं बोलताना माणूस फुग्याचं उदाहरण देत नाही. मग कोण वाजवतं? मागच्या गल्लीत कोणी नवीन राहायला आलं असावं. हिला विचारलं, तिला काही कल्पना नाही. तिचा वरचा ओठ जरा सुजलेला दिसतो. गरम सारू प्यायले, म्हणाली.

७ डिसेंबर, रविवार

कमिटीने यंत्र मंजूर केलं. पण प्राणेशरावांनीच उपसूचना आणली: या वर्षी भीमाचार्यांचे तीनही शंख पुरे झाले तर बटण दाबायचं नाही. तीनात एक जरी कमी पडला तर पुढच्या वर्षीपासून यंत्र कायम. उमाजीरावांनी अनुमोदन दिलं आणि मला हळूच विचारलं, ते तीर्थ आता देत नाही का? मी त्यांना डॉ. विश्वेश्वरांचा पत्ता दिला.

११ डिसेंबर, गुरुवार

आकडा ३१०. डॉ. विश्वेश्वर यांनी सकाळी अकराला तो स्वतः वाचला. आज खोलीत मी बावीस मिनिटं होतो. इन्हेलर घेऊन दाखवायला लावला, दोनदा. मग निर्णय दिला. पंधरा मिनिटं आधी निळ्याचे दोन फवारे, आणि एक शंख. एकच. तीन नाही.

"पण तीन लागतात."

"तुमच्या फुप्फुसाला कमिटीचा ठराव माहीत नाही, आचार्रे."

दुपारी मठात यंत्र बसवलं. चालवून पाहिलं. नगारा बरा आहे, घंटा सायकलच्या घंटीसारखी वाजते, आणि शंख म्हणजे बांधून ठेवलेलं बकरू. प्राणेशराव माझ्याकडे बघून कानांवर हात ठेवत होते. तरी ठराव तो ठराव.

संध्याकाळी देवघरात गेलो. वाजवायचा शंख आडणीवर ओलाच होता, नुकता धुतलेला. मी गेल्या दोन महिन्यांत त्याला हात लावलेला नाही. डिसेंबरची हवा दमट असते.

ही उद्याच्या फुलवाती वळत बसली होती. नेसायची रेशमी साडी काढून ठेवली आहे. दरवर्षी ती मठात बायकांच्या बाजूला मागे बसते. या वर्षी प्राणेशरावांना सांगून माझ्या शेजारी खांबापाशी जागा धरली आहे. औषध जवळ असावं म्हणून, असं तिने त्यांना सांगितलं.

"पहिला शंख मी पुरवीन," मी म्हणालो. "दुसऱ्या-तिसऱ्याचं काय?"

"बघू. वारा आपल्या बाजूचा असला तर येतील."

मी सातच्या बातम्यांतला हवामानाचा अंदाज ऐकला. उद्या पहाटे बेंगळूर परिसरात धुकं असेल आणि वारा अगदी पडलेला राहील, अशी अपेक्षा आहे. हिला तसं सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली, आणि पुढची वात वळायला घेतली.